खिडकी प्रशिक्षणास गेली आहे

‘लोकाभिमुख प्रशासन’ या विषयावरील प्रशिक्षणास कर्मचारी गेल्यामुळे तीन दिवस लोकांचे काम होणार नाही, अशी चिठ्ठी तहसील कचेरीतील दाखल्यांच्या खिडकीवर ज्या हातांनी डकवली, त्या हातांस साष्टांग नमस्कार असो. कारण आपण विनोद करीत आहोत याची त्यांस वार्ताही नव्हती, आणि उत्तम विनोदाचे लक्षण तेच होय.

चिठ्ठी कोठे डकवली, हे विशेष. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमान्वये प्रत्येक कचेरीत सेवा, तिची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील कोणाकडे करावे हे सांगणारा फलक लावावा लागतो. चिठ्ठी नेमकी मुदतीच्या रकान्यावर बसली होती, आणि डिंक इतक्या सढळ हाताने चोपडला होता की, कायद्याचे तेवढेच कलम रद्दबातल झाले असावे असा एखाद्या वकिलाचाही समज व्हावा. जेथे टाचणीसाठी मागणीपत्रक भरावे लागते, तेथे डिंकाची ही उधळपट्टी कोणाच्या मंजुरीने झाली, हे लेखापरीक्षणात निघेलच.

खासगी कंपन्यांतील प्रशिक्षण फार थोर असते, असेही नाही. तेथे प्रौढ गृहस्थांस हॉटेलात नेऊन त्यांच्याकडून वर्तमानपत्रांचे मनोरे रचून घेतात; मात्र तेवढ्यासाठी गल्ला बंद ठेवण्याची कोणाची छाती होत नाही, कारण गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल. अर्जदाराने कोठे जावे? त्याने काय चाळीत दुसरी तहसील कचेरी काढावी?

इतक्यावरही गप्प बसलो असतो. पण शिकून आलेल्या माणसाचे पुढे काय करतात? दाखल्यांचे नियम घोटून आलेला अव्वल कारकून रुजू होतो न होतो तोच त्याच्या हाती बदलीचा हुकूम पडतो, तो पुरवठा शाखेत शिधापत्रिकांच्या ढिगाऱ्यात गडप होतो, आणि त्याच्या खुर्चीवर असा गृहस्थ येतो की ज्यास कोणता कागद कशास जोडावा हे अर्जदारानेच शिकवावे; आणि अर्जदाराच्या पदरखर्चाने तो तयार झाला की त्याचाही हुकूम निघालेला असतोच! बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध हे दोन्ही विषय 2005 च्या एकाच अधिनियमात घातलेले आहेत, आणि साधारणतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ नस्ती कोणापाशी पडून राहू नये, असेही त्यात लिहिले आहे. कायदा करणारांस या दोहोंचे नाते उमगले होते. कचेरीस ते कोणत्या प्रशिक्षणात शिकवणार?

तेव्हा विनंती इतकीच, की कारकुनास शिकवायचे ते खिडकी उघडी ठेवून शिकवावे, आणि शिकल्यावर त्याच खुर्चीवर बसू द्यावे. दाखला मुदतीत मिळालेल्या माणसाने कारकून हसला नाही म्हणून अपील केल्याचे आजवर ऐकिवात नाही.