नुसती मान हलव

डीएमएलटीच्या, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या डिप्लोमाच्या, अभ्यासक्रमात रक्तशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे भारदस्त विषय असतात. सगळ्यात अवघड विषय मात्र वेळापत्रकात नसतो. तो म्हणजे गप्प बसणं. आणि हा विषय शिकायचा कुठे, तर नागपुरात! जिथे ठेल्यावर पोह्यांवर तर्री ओतून घेता घेता माणूस शेजारच्या अनोळखी माणसाला स्वतःच्या मूळव्याधीची साद्यंत हकिकत ऐकवतो, तिथे.

बारावी सायन्सला मार्क कमी पडले की घरात दोन गट पडतात. एक म्हणतो बीएस्सी कर, दुसरा म्हणतो लग्न कर. आमच्या महालातल्या घरात ‘मेडिकल लाईनचंच काहीतरी कर’ असा तिसरा गट निघाला आणि त्यानं मला डीएमएलटीला घातलं. अमेरिकेत या कामासाठी दोन वर्षांची असोसिएट डिग्री असते, हे मामेभावाकडून कळल्यापासून आईनं नातेवाइकांत ‘डिप्लोमा’ म्हणणंच सोडलं. मोहल्ला त्याच्याही पुढचा. त्यानं मला परस्पर डॉक्टर करून टाकलं.

शिकताना आधी हात तयार होतो. काचपट्टीच्या एका टोकाला रक्ताचा बारीक थेंब ठेवायचा, दुसरी काचपट्टी तिरकी धरून त्याला टेकवायची, थेंब तिच्या कडेनं पसरला की एका दमात पुढे ढकलायची. जमलं तर जिभेच्या आकाराचा, टोकाकडे विरळ होत जाणारा स्मिअर उमटतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की हा स्मिअर बघता बघता सुकतो, तेवढाच आपल्या उन्हाळ्याचा उपयोग. पण त्यावर लिशमन स्टेन ओतला की त्यातलं मिथेनॉलही त्याच घाईनं उडून जातं. बफर घालायला जरा उशीर झाला, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कमी आणि रंगाचे कण जास्त. सगळं ठीक जमलं तर शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. त्यात बेसोफिल इतकी दुर्मीळ, की ती दिसली की आमच्या वर्गात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहायचे.

लघवीतली साखर आता पट्टी बुडवली की कळते, तरी आमच्याकडून बेनेडिक्टची जुनी चाचणी करून घेतली. निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळी. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटकरी झालं तर भरपूर. एका आजोबांचा नमुना असा झकास विटकरी झाला, की सरांनी शेजारचा वर्गसुद्धा बघायला बोलावला. आजोबा बाहेर बाकावर ठणठणीत बसलेले. चौकशी केल्यावर निघालं की नमुना मधाच्या बाटलीतून आला होता.

“बाटली धुतली नाही का, आजोबा?”

“थोडासा मध होता ना बाप्पा तिच्यात. सांडून देऊ का?”

विदर्भात या शिक्षणाला खरं वजन येतं ते सिकलसेलमुळे. शिकागोच्या हेरिकनं १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचं वर्णन छापलं. आमच्या इथे त्या वाकड्या पेशी ओळखता येणं हे रोजचं काम. पहिली चाचणी अगदी साधी. नळीत द्रावण, त्यात थोडंसं रक्त, आणि नळीमागे रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. मग तो माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी सांगतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून लग्नाआधी तपासा, असं सरकारही सांगतं. २०२३ च्या जुलैत शहडोलहून केंद्राची मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा म्हणून.

झालं! मोहल्ल्यातली लग्नं जुळवणाऱ्या काकूंचा मोर्चा गुरुजींकडून माझ्याकडे वळला.

“त्या मुलीचं रक्त तुमच्याच लॅबमंदी आलं होतं म्हणे?”

“काकू, मी सांगू शकत नाही.”

“सांगू नको वं. नुसती मान हलव.”

मी मान घट्ट धरून ठेवली.

“म्हणजे आहे!”

मला हसू आलं.

“म्हणजे नाही!”

तेव्हापासून काकू दिसल्या की मी मास्क लावते. वाहक म्हणजे आजारी नव्हे, जोडीदारही वाहक असेल तरच प्रश्न येतो, हे मी तेवढ्याच उत्साहानं समजावून सांगते. पण काकूंना माहिती नको असते, बातमी हवी असते.

रिपोर्टवर सही असते ती पॅथॉलॉजिस्टची. सर्वोच्च न्यायालयानंही २०१७ मध्ये हेच म्हटलं. मला ते मान्य आहे. नस शोधायची मी, जांभळ्या झाकणाची नळी उलटसुलट करायची मी, मशीनची मनधरणी करायची मी. पण अर्थ लावायला त्यांच्याएवढं शिकावं लागतं. अडचण एवढीच, की सही करणारे डॉक्टर धंतोलीत आणि मी काकूंच्या भिंतीला भिंत लावून.

परवा काकू स्वतःचाच लिफाफा घेऊन आल्या.

“आता तं सांगशील ना? माहंच रक्त आहे.”

“डॉक्टरांना दाखवा, काकू.”

“मग तुले शिकवलं काय तिथं?” असं म्हणत त्यांनी चष्मा चढवला आणि स्वतःच वाचायला लागल्या. एचबीएवनसीच्या, म्हणजे साखरेच्या, आकड्यापाशी आल्या आणि चेहरा खुलला. काकांचा जुना रिपोर्ट त्यांनी आधीच काढून ठेवला होता.

“पाहाजो! यायचे सहाच आले. मले अकरा!”

मी काही बोलले नाही. स्कूटीची किल्ली घेतली आणि त्यांच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या.

“काहून वं? काही आहे का त्याच्यात?”

“मी कुठे काय म्हटलं, काकू? बसा मागे.”