डोळ्यांत काय काय घालून

पूर्वी माणसं डोळ्यांत तेल घालून इतर गोष्टी जपत. आता डोळे जपायला यंत्र लागतं. परवा बोरिवली फास्टमध्ये खिडकीच्या सीटवर एक गृहस्थ डोळ्यांना मसाज देणारा, पाणबुड्यासारखा काळा मुखवटा चढवून बसले होते. आत हवेच्या पिशव्या फुगत होत्या, ऊब मिळत होती, कानात धबधबा कोसळत होता. दादरला सुरू केलेलं यंत्र अंधेरी यायच्या आत आपोआप बंद पडलं. गृहस्थांनी लगेच पुन्हा सुरू केलं. ‘पुरे’ हे यंत्राला कळलं, माणसाला नाही.

डोळा म्हणजे खांदा नव्हे, दाबला की मोकळा व्हायला. मोठा मायनस नंबर असलेल्यांचा डोळ्यामागचा पडदा आधीच ताणलेला असतो. काचबिंदू असेल किंवा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर डोळ्यावर दाब नकोच. नुसते डोळे चोळत राहिलं तरी बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो. हातांनी चोळू नका म्हटलं, तर आपण चोळायला मोटर लावली!

थेंबांचंही तेच. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आवळतात. असर उतरला की डोळा आधीपेक्षा लाल होतो, मग पुन्हा थेंब. २०२३च्या जुलैत डोळ्यांची साथ आली, तेव्हा केमिस्टकडून मागून घेतलेली स्टेरॉइडची बाटली अजून काही फ्रिजांच्या दारात आहे. त्या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि तो दुखत नाही म्हणून कळतही नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये मुंबईच्याच एका कंपनीने पंधरा मिनिटांत वाचायचा चष्मा दूर ठेवणाऱ्या थेंबांचा गाजावाजा केला. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं, जाहिरात मात्र पेपरमिंटच्या गोळीसारखी. औषध महानियंत्रकांनी त्याच महिन्यात परवानगी स्थगित केली. तोवर सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुठे मिळतील?’ सुरू झालं होतं.

मोबाइलमध्ये डोकं घातलं की आपण पापण्या मिटायला विसरतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. त्यावरचा उपाय फुकट आहे: पापण्या मिटा, आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा. फुकट असल्यामुळे त्याला डिस्काउंट नाही, म्हणून गिऱ्हाईकही नाही. शिवाय घाटकोपर-मुलुंडच्या नव्या टॉवरांत वीस फुटांच्या आतच समोरच्या विंगचं स्वयंपाकघर लागतं.

त्या गृहस्थांची सीट मात्र खिडकीची होती. माहीम आणि वांद्र्याच्या मधे खाडी लागते. नजर बिनपैशाने लांब जाते. मुखवट्याच्या आत त्यांना खाडी दिसली नाही. खाडीला वास येतो, कबूल. तेव्हा नाक दाबा; डोळे दाबू नका.