हळू बोला

हळूबोलाकाकांच्या घरी गेलं की चपलेआधी फोन काढावा लागतो. दाराशी स्टुलावर स्टीलचा एक डबा असतो, मूळचा चकलीचा. त्यात फोन ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं, मग आत यायचं. डब्यातून आवाज बाहेर जात नाही आणि लहरी आत येत नाहीत, असं काकांचं शास्त्र. एकदा मी आत बसलेला असताना बायकोचा फोन आला, तर डबा असा काही दणाणला की समोरच्या बिऱ्हाडातली माणसं जिन्यात आली. काकूंनी मुकाट्याने झाकण उघडून फोन माझ्या हातात दिला. त्याला अजून ओव्याचा वास येतो.

काकांचं खरं नाव खालच्या पाटीवर आहे, पण ते कोणी घेत नाही आणि मोठ्याने घेतलेलं त्यांनाही चालत नाही. पाण्याचा टँकर आला हे सांगायचं असलं तरी सुरुवात "हळू बोला" अशीच. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यांनी काकूंची टिकली लावली आहे. मुलीशी व्हिडिओ कॉल असला की ती काढावी लागते, आणि हरवू नये म्हणून तेवढ्यापुरती ते स्वतःच्या कपाळाला लावतात. कॉलनंतर तशीच राहते. परवा दूध आणायला गेले तेव्हा डेअरीवाला काही बोलला नाही, पण सुटे पैसे देताना त्याने नमस्कार केला.

फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या पेगॅससचं नावही ते उच्चारत नाहीत. 'घोडा' म्हणतात. २०२१च्या जुलैत एका इस्रायली कंपनीच्या या घोड्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून काकांची झोप गेली. कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांनाच विकतो. काका म्हणतात, "फक्त! ऐकलंत? किराणा दुकानात विकत नाहीत, एवढंच समाधान." घोड्याला लिंक दाबायचीही गरज नसते. २०१९ साली तर तो व्हॉट्सॲपच्या मिस्ड कॉलमधून शिरला होता. त्यावर काकांनी घरात नियम केला की मिस्ड कॉल घ्यायचा नाही. हा नियम पाळायचा कसा, हे काकूंना अजून कळलेलं नाही.

या घोड्याचा माग काढायला सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत काहीतरी सापडलं, पण ते पेगॅससच असं सिद्ध झालं नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, असं २०२२च्या ऑगस्टमध्ये कोर्टातच सांगितलं गेलं. "मग पाचांत होतं ते काय? शंकरपाळी?" असं काका विचारतात. याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि असतं तरी माझा फोन डब्यात होता.

देव्हाऱ्याशेजारी न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या फोटोचं कात्रण चिकटवलेलं आहे. निवृत्त झालेला हा गृहस्थ २०१२ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, आधारविरुद्ध कोर्टात गेला आणि २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आपल्याला तर आत्ता कुठे ७१ झालीत, असं काका तिकडे बघत म्हणतात.

असे संशयी काका दर दोन सोसायट्यांमागे एक निघतातच. पण बाकीच्यांचा संशय ऐकीव असतो. आमच्या काकांचा अनुभवाचा आहे.

काका ट्रंक ऑपरेटर होते. १९७४ साली एका तालुक्याच्या एक्स्चेंजात लागले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. कॉल साधा, अर्जंट किंवा लायटनिंग. तीन मिनिटं झाली की मध्येच तोंड घालून "तीन मिनिटं झाली" असं सांगायचं. आता तीन मिनिटं झाली हे कळायला घड्याळ पुरे, पण लाइन शाबूत आहे ना हे बघायला बोर्डावरची की दाबून ऐकावंच लागतं. "आणि लाइनचा काही भरवसा नसायचा," काका म्हणतात, "त्यामुळे फार वेळा बघावं लागायचं."

गुळाचा भाव त्यांना व्यापाऱ्याच्या आधी कळायचा. कोणाची बदली, कोणाचं कर्ज, कोणाचा जावई घरी राहायला येणार, सगळं. एका रात्री शाळेतल्या मास्तरांच्या होणाऱ्या व्याह्याने मुंबईला भावाला कॉल लावला: हे लग्न मोडायचं, उद्या कळवतो. काकांनी तो कॉल नऊ मिनिटं जोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एक्स्चेंजात पेढे घेऊन आले, पोरीचं जमलं म्हणून.

"खाल्लात?"

"खाल्ला. अभिनंदन केलं. दुसरा दिला, तोही खाल्ला." काका जरा वेळ गप्प बसले. "१८८५चा टेलिग्राफ कायदा होता. ऐकलेलं बाहेर फोडलं तर तुरुंग. पण त्याचं मला नव्हतं भय. गिऱ्हाइकाचं ऐकलं तरी त्याला कळू द्यायचं नाही, ही बोर्डावरची रीत होती."

म्हणून घोड्याबद्दल त्यांची मुख्य तक्रार राजकीय नाहीच. "याला ऑपरेटरच नाही हो," ते कळवळून म्हणतात. "हेडफोन लावून कोणी बसलंय म्हटलं तर निदान तो जांभई तरी देईल."

शेवटी त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला: माझा फोन टॅप होतो काय? १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर, आणि कोणी मागितली नसताना आधारची झेरॉक्स. सरकारला आपण माहीत आहोत का हे विचारण्यासाठी काकांनी सरकारला सगळं कळवून टाकलं. उत्तर आलं: कलम ८ अन्वये ही माहिती देता येत नाही. काका दोन दिवस ताठ मानेने फिरत होते. "नाही म्हणालेत का? देता येत नाही म्हणालेत. नसलेली वस्तू देता येत नाही असं कोणी म्हणतं का?" काकूंच्या मते सून आल्यापासून त्यांचं इतकं कोणी मनावर घेतलं नव्हतं.

अपिलाच्या झेरॉक्स काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले तेव्हा मी तिथेच होतो. या दुकानाची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: कागद दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा, पोरगा प्रिंट काढतो. कॉम्प्युटरची स्क्रीन गिऱ्हाइकांकडे वळवलेली. तिच्यावर अख्खा वॉर्ड वरपासून खालपर्यंत लागलेला होता. कोणाचं पॅन कार्ड, कोणाचा भाडेकरार, कोणाच्या मुलीचा बायोडेटा फोटोसकट. काकांचा नंबर तिसरा. पोराने तो उघडला आणि झेरॉक्स निघेपर्यंत वर सरकवत बसला.

"काका, शुगर वाढलीय की तुमची," तो म्हणाला. "उपाशीपोटी १८६. गोड बंद करा."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, मग त्याच्याकडे.

"तुला काय माहीत?"

"मीच तर काढली ना प्रिंट, मंगळवारी."

मला वाटलं आता भडका उडणार. काका काउंटरवर वाकले आणि अगदी खालच्या आवाजात, नव्या पोराला बोर्ड शिकवावा तसं म्हणाले, "वाचलंस ते वाचलंस. पण बोलून दाखवायचं नसतं रे."

पोरगा ओशाळून हसला. काकांनी दोन पानांचे चार रुपये मोजून दिले आणि झेरॉक्स खिशात घातल्या. ओरिजिनल मशीनच्या झाकणाखालीच राहिला.