मौनी मंडळी

पैठणचा नाथसागर जलाशय आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम ५० किलोमीटर. नळाला पाणी मात्र कित्येक दिवसांआड. सिडकोतल्या आमच्या गल्लीत यावर वाद पेटला की चौघं भांडतात, चाळीस जण हाताची घडी घालून ऐकतात. मत नसतं असं नाही. घरी गेल्यावर अर्धा तास तेच ऐकवतात. पण मागे एक काका "निवेदन द्यायला पाहिजे" एवढंच म्हणाले, आणि मजकूर, सह्या, झेरॉक्स, कचेरीतले खेटे, सगळं त्यांच्याच गळ्यात पडलं. आता काकाही मागे उभे असतात, जिन्यापाशी.

इंटरनेटवरच्या मंडळींत शंभरातले ९० नुसते बघे, असं वेब-वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये लिहिलं. गल्लीचं प्रमाण फार वेगळं नाही.

टँकरचा हॉर्न वाजला की मात्र नव्वदांनाही कंठ फुटतो: "ओ, नंबर माझा आहे!"