आधी दमून दाखवा

पहाटे सहाला पुण्यातल्या कुठल्याही बागेत ज्येष्ठांची बाकं भरलेली असतात आणि शेजारची, महापालिकेने बसवलेली ओपन जिमची यंत्रं रिकामी. अगदीच रिकामी नाही म्हणा. माकडटोप्या आणि कापडी पिशव्या अडकवायला त्यांचा उपयोग होतो.

बाकांवरची चर्चा मात्र ऑलिंपिक पथकाच्या तोडीची. कुणाचं व्हे प्रोटीन चालू आहे, कुणाला लेकीने न्यू जर्सीहून कोलॅजन पाठवलं आहे. सगळ्यांना ‘रिकव्हरी’ हवी आहे. कशातून, हे विचारणं असभ्यपणाचं. दोन फेऱ्या, एक सामुदायिक हास्य आणि मग अमृततुल्य: एवढ्या श्रमांतून देह सावरायला स्कूपभर पावडर लागते म्हणे.

या चळवळीला मोठी रसद परदेशस्थ मुलांच्या बॅगांतून मिळते. पूर्वी बदाम आणि चॉकलेटं यायची, आता गुडघ्याएवढी बरणी येते. ज्या घरात अंड्याचं भांडं वेगळं, त्या घरात फिश ऑइलची कॅप्सूल देवाला नमस्कार करून गिळली जाते. आत माशाचं तेल, वरचं आवरण बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचं. पण विमानातून आली की तीही सोवळ्यात!

आता थोडं विज्ञान, कारण बरणीवर ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असं छापलेलं असतंच. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात संशोधक मारिया फियातारोने यांनी आणि सहकाऱ्यांनी १०० रहिवासी निवडले. सरासरी वय ८७. बहुतेकांना काठी, वॉकर नाहीतर चाकाची खुर्ची लागायची. त्यांचे चार गट केले: नुसता व्यायाम, नुसतं पोषक पेय, दोन्ही, आणि दोन्हींपैकी काहीच नाही. व्यायाम म्हणजे टाळ्या वाजवणं नव्हे. मांड्या आणि कंबरेच्या स्नायूंना चांगलं जड वजन, आठवड्यातून तीनदा. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची ३ टक्क्यांनी. चाल सुधारली, जिने चढण्याची शक्ती वाढली.

आणि पेय? मोजलेल्या एकाही मुख्य गोष्टीवर त्याचा परिणाम दिसला नाही. नुसतं पेय घेणाऱ्यांचा एकूण आहारसुद्धा वाढला नाही. पेय आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांचा तेवढा वाढला. हे सगळं १९९४ साली छापून आलं. म्हणजे आज बाकावर बसलेले आजोबा तेव्हा ऐन उमेदीत होते आणि त्यांना वाचायला भरपूर वेळ होता.

त्याहून गमतीची गोष्ट नॉर्वेतली. साठी ओलांडलेल्या पुरुषांनी १२ आठवडे वजनं उचलली. त्यांतल्या काहींना ‘सी’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांचे मोठे डोस दिले, बाकीच्यांना दिखाऊ गोळ्या. खऱ्या गोळ्या खाणाऱ्यांच्या शरीरातलं चरबीविरहित वजन दुसऱ्यांपेक्षा कमी वाढलं! व्यायामाने पेशींवर जो ताण येतो तोच स्नायूंना वाढण्याचा निरोप देतो, आणि अँटिऑक्सिडंटची फौज तो निरोप वाटेतच अडवते, असा तज्ज्ञांचा कयास आहे. पैसे मोजून निरोप्याला कोंडण्याचा हा प्रकार.

प्रथिनांची गरज खोटी नाही, हे कबूल. वय वाढतं तसे स्नायू बहिरे होतात. तरुणाला एका जेवणात किलोमागे पाव ग्रॅम प्रथिनं पुरतात, तिथे म्हाताऱ्याला ०.४ ग्रॅमच्या आसपास लागतात. साठ किलोच्या माणसाचे झाले २४ ग्रॅम. नाश्त्याचे पोहे आणि रात्रीचा मऊ भात त्याच्या जवळपासही फिरकत नाहीत. अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, मूठभर दाण्यांत सात-आठ. पिठलं, उसळ, दही, मासळी हे सगळं घरचंच. पण त्यावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड फॉर्म्युला’ लिहिलेलं नसतं, तिथेच घोडं पेंड खातं.

डब्यावर जे लिहिलेलं असतं ते खरं असतंच असं नाही. केरळमधल्या डॉक्टर सिरियक अ‍ॅबी फिलिप्स यांनी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून २०२४ साली निष्कर्ष छापले. जवळजवळ ७० टक्के पावडरींवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. काहींत तर छापलेल्याच्या निम्मीच प्रथिनं. काहींत बुरशीचं विषही सापडलं.

सगळंच थोतांड आहे असं मात्र नाही. क्रिएटिन वजनांच्या व्यायामासोबत घेतलं तर उतारवयातही स्नायूंत थोडी भर पडते. ‘सोबत’ हा शब्द जाहिरातीत बारीक टाइपात असतो. घेत असाल तर रक्त तपासण्यापूर्वी डॉक्टरांना तेवढं सांगा. क्रिएटिनमुळे अहवालातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं आणि मग ठणठणीत मूत्रपिंडांच्या तपासण्यांवर पेन्शन खर्ची पडते. मूत्रपिंडाचा आजार खरोखरच असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधीही डॉक्टरांनाच विचारा, बाकावरच्या मंडळींना नको.