साडेचार चटया

जपानहून आलेली बहुतेक माणसं तिथल्या संडासांच्या गोष्टी सांगतात आणि महिन्याभरात गप्प होतात. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमधला सेन्सेई गप्प होत नाही. कंपनीने त्याला दोन वर्षं टोकियोत ठेवलं होतं, तेही निशिकासाईला, म्हणजे शेजारी पुन्हा आपलीच मंडळी. (तिथल्याच एदोगावा वॉर्डात २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडूनसुद्धा आले!) पण बोलतो असा, जणू क्योटोच्या मठातच त्याची मुंज झाली.

दर रविवारी चार वाजता त्याच्याकडे ‘चानोयु’. चहाची खोली साडेचार चटयांची हवी, म्हणजे ऐंशीएक चौरस फूट. आमच्या बिल्डरने बाल्कनीला चाळीस दिलेत. आत जायचं खिडकीतून. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूने म्हणे दार जेमतेम दोन फुटांचं केलं, सामुरायनेही तलवार बाहेर ठेवून वाकूनच यावं म्हणून. मी भाजीची पिशवी बाहेर ठेवतो आणि गुडघ्याला शिव्या घालत आत सरपटतो. चौघं बसतो. लोकलच्या चौथ्या सीटवर नोकरी काढलेल्यांना जागेचं काय!

“काका, ही भेट आयुष्यात एकदाच असते. इचिगो इचिए,” तो डोळे मिटून म्हणतो. हे तो दर रविवारी म्हणतो.

आधी गोड, मग चहा. बिस्कीट बुडवणाऱ्या माणसाला ही शिक्षाच. दोन ग्रॅम हिरवी पूड, पाणी ऐंशी अंशांचं. “उकळी न फुटलेला चहा कच्चा लागतो रे,” स्वयंपाकघरातून त्याची आई. एकाच बांबूला चिरून काढलेल्या बारीक काड्यांचा तो चासेन घेऊन मनगटाने सपसप घुसळतो. मी एकदा ‘रवी’ म्हणालो, तर आठवडाभर जिन्यात ओळख दाखवली नाही. वाडगा हातात फिरवायचा, प्यायचा आणि शेवटचा घोट आवाज करून ओढायचा, म्हणजे संपल्याचं यजमानाला कळतं. एवढ्या एका कलमात मी जन्मजात जपानी आहे.

मिठाईचं नाव दाइफुकु. चिकट तांदूळ मिळेना म्हणून आई आंबेमोहोराच्या पिठीची उकड काढते, आत लाल चवळीचं पुरण. वेलचीला सक्त बंदी. “वेलचीने बीन्सचा मूळ स्वाद मरतो,” सेन्सेई.

गेल्या रविवारी पहिल्या घासालाच वास आला. आम्ही तिघं एकमेकांकडे बघेनासे झालो. सेन्सेई चावता चावता थांबला. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे भांड्यांचा आवाज एकदम वाढला.

“आई,” तो म्हणाला, “अजून आहेत?”

नियमाप्रमाणे एकच खायचा असतो.