रिपीटरचा निकाल

लातूर-नांदेडात मुंबई सिटी एफसीचा समर्थक असणे सोपे नाही. रात्रभर गाडीत घालवून मुंबईला उतरावे, तर अंधेरीचे मैदान अजून लोकलभर लांब. गावात परतल्यावर क्रिकेटवाले विचारणार, ‘हा कोणता क्लब?’

2014 मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये संघ अवतरला तो ल्युंगबर्ग, आनेल्का अशी भारदस्त नावे घेऊन. आठ संघांत नंबर आला सातवा! पुढच्या वर्षी गोव्याने 7-0 असा धुतला. 2019 च्या उपांत्य फेरीत पुन्हा गोवाच, 5-1, तेही अंधेरीत.

नापास पोराचे काय करायचे, हे लातूरकरांना शिकवावे लागत नाही. रिपीटर बॅच आणि महागडा क्लास. मुंबईने तेच केले. नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी 65 टक्के हिस्सा घेतला. मास्तर आणले पूर्वी गोव्यालाच शिकवणारे सर्जिओ लोबेरा. मागोमाग बूमू, जाहू, फॉल हे त्यांचे हुशार विद्यार्थी.

2020-21 मध्ये शील्ड आणि करंडक दोन्ही! 13 मार्चला फातोर्ड्यात अंतिम सामन्यात 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल ठोकला आणि मोहन बागान 2-1 ने गारद.

कोरोनामुळे मैदानात प्रेक्षकच नव्हते. वांद्र्याचा समर्थक टीव्हीपुढे, लातूरच्या औसा रोडचाही टीव्हीपुढे. मराठवाड्याचा अनुशेष असा एका रात्रीत भरून निघाला, तोही वैधानिक मंडळाशिवाय.

डिसेंबर 2025 मध्ये मँचेस्टरवाल्यांनी हिस्सा सोडून काढता पाय घेतला. औसा रोडवर आता नवा क्लास सुचवणारे बरेच आहेत. फी भरणारा कुणी नाही.